आभारप्रदर्शनाचा हिवाळा

थंडी पडली की इंदुरात गराडू तळायला लागतात. दिसायला ओबडधोबड, मातकट कंद; पण सोलून, तुकडे करून कढईत सोडला की खरपूस होतो, आणि वरून लिंबू नि जीरावनचा मसाला पडला की रस्त्यानं जाणारा माणूस थांबतोच. मी थांबत नाही. तो वास आला की मला एका जागी बसवत नाही. उठते, खिडकी लावते, घुसमटल्यासारखं होतं म्हणून पुन्हा उघडते. शाल घेते, काढते. मुलगा म्हणतो, "आई, कितने चक्कर मारशील? बस ना जरा." बसते. दोन मिनिटांनी पुन्हा उभी. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, थायरॉईड तपासला, काही निघालं नाही. निघणार कुठून? हा आजार पौषातला आहे, आणि त्याला आता साठाच्या जवळ वर्षं होत आली.

यंदा त्यात रिद्धीच्या फोनची भर पडली. तुरुंगातल्या माणसांसाठी चालणाऱ्या आमच्या समितीचं काम आता जी मुलं बघतात, त्यांतली ही सगळ्यात धडपडी. घर मराठी, पण डोकं हिंदीत चालतं. म्हणाली, "आजी, वर्धापनदिनाला आभार तुम्हीच मानायचे, हां. जुन्या लोकांमधून आता तुम्हीच बचलेल्या आहात."

बचलेल्या! जशी काही मी पुरातून वाहून आले. हसू आलं. म्हटलं, "मी आभार मानत नाही गं. दुसरं काहीही सांग. सतरंज्या घालते."

"अरे, असं कसं? सपोर्टर्सची पूरी लिस्ट बनवून राहिलोय आम्ही. फोटोसकट. मोठ्ठा फ्लेक्स लागणार. कोणाचंही नाव सुटायला नको."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसत बसले.

समिती सुरू झाली तेव्हा मी वीस वर्षांची होते. मध्य प्रदेश होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती, पण आमच्या घरी 'भोपाळ' हा शब्द अजून सासरच्या माणसांचं नाव घ्यावं तसा घेतला जायचा. आजोबांनी होळकरांच्या दफ्तरात नोकरी केलेली. त्यांच्या मते राज्य एकदाच झालं होतं आणि ते संपलं होतं. वडील शाळामास्तर. भोपाळहून आलेलं हिंदी परिपत्रक ते ओळीखाली बोट ठेवून वाचायचे आणि शेवटी "बरं, म्हणजे नाही म्हणतायत" असा सारांश सांगायचे. अशा घरातल्या मुलीनं तुरुंगात पडलेल्या लोकांसाठी अर्ज लिहायला जावं हे कुणाला फारसं रुचलं नव्हतं. पण आमचे वकीलसाहेब वडिलांचे वर्गमित्र. ते घरी येऊन म्हणाले, "पोरीचं अक्षर चांगलं आहे. मला द्या." त्यावर वडिलांनी मला पाठवलं.

वकीलसाहेबांना आम्ही सगळेच नुसतं वकीलसाहेब म्हणायचो. त्यांनी तुरुंगात एकदा एक माणूस पाहिला. झाबुआकडचा, वेस्ता त्याचं नाव. मजुरीला शहरात आला, संशयावरून धरला गेला, आणि जामीन द्यायला कुणी नाही म्हणून चौदा महिने आतच होता. त्याचा खटला सुरूच झाला नव्हता. गुन्हा शाबीत झाला असता तरी इतकी शिक्षा झाली नसती. वकीलसाहेब त्या दिवशी घरी गेलेच नाहीत, मल्हारगंजात एका मिरचीच्या दुकानावरची खोली बघून आले. तीच आमची कचेरी. खाली मिरची कांडायचे, वर आम्ही शिंकायचो. माणसाला माणसासारखं वागवा असं लिहिलेल्या कितीतरी अर्जांवर माझ्या शिंकेचे डाग असतील. भोपाळच्या साहेबांना ते अश्रू वाटले असले तर आमचा फायदाच झाला.

समितीचे पाठीराखे कोण, असं रिद्धी विचारते तेव्हा मला आधी आमच्या बायका आठवतात. पहिल्या संक्रांतीला आई म्हणाली, "दर वर्षी वाट्या-चमचे लुटतो आपण. यंदा पोस्टकार्ड लुटू." आणि खरंच, हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला वाण म्हणून एकेक कोरं कार्ड दिलं. तिथेच ओसरीवर बसून लिहायचं, भोपाळचा पत्ता मी घालायचा. कुंकू लावलेल्या, अत्तराचा वास येणाऱ्या बायका मांडीवर पाट घेऊन सरकारला पत्र लिहायला बसल्या. कुणाचं हिंदी, कुणाचं मराठी, कुणाचा नुसता अंगठा. शेजारच्या काकूंनी लिहिलं होतं, 'तीळगूळ घ्या, गोड बोला, आणि त्या वेस्ताला सोडा.' वर चार तीळही चिकटवले होते. मी हसले तर म्हणाल्या, "हसतेस काय? सणाच्या दिवशी कोणी नाही म्हणत नाही." फाल्गुनात वेस्ता सुटला. कार्डांनी सुटला की वकीलसाहेबांच्या खटपटीनं, देव जाणे. पण तो जिना चढून आला, दाराशी उकिडवा बसला आणि सटासट शिंकला, तेव्हा आम्ही सगळे वेड्यासारखे हसलो होतो. इतकं निर्मळ मी पुन्हा कधी हसले असेन असं वाटत नाही.

त्या वर्षभरात आणखी कितीजण सुटले. आणि त्या प्रत्येकाचं नाव आमच्यापर्यंत आलं ते एका पिशवीतून.

दर गुरुवारी संध्याकाळी पाच-सव्वापाचला एक उंच गृहस्थ जिन्याखाली सायकल लावून वर यायचे. काळा कोट, गळ्याला मफलर, हातात कापडी पिशवी, तिच्यात मेथीची नाहीतर पालकाची जुडी. जुडी काढून टेबलावर ठेवायची, तिच्याखालून घडी घातलेला कागद वकीलसाहेबांपुढे सरकवायचा, जुडी पुन्हा पिशवीत. कागदावर नावं असायची: तारीख उलटून गेलेले, वकील नसलेले, घरच्यांना पत्ताच नसलेले लोक. मी चहा पुढे केला की म्हणायचे, "नको बेटा, उशीर होतो." एवढंच. कामाच्या पहिल्याच आठवड्यात वकीलसाहेबांनी मला सांगितलं होतं, "गुरुवारच्या पाहुण्यांना काही विचारायचं नाही." मला ती घरंदाज रीत वाटली. माझी समजूत अशी की हे कुणी भाविक सज्जन आहेत. तेव्हा कैद्यांसमोर भजनं म्हणायला मंडळी जायची, त्यांतलेच असतील. मी विचारलं नाही. पण मनात सल होता. प्रत्येक बैठकीत एकमेकांचं कौतुक व्हायचं, लोणी लावलं जायचं, आणि ज्यांच्या कागदावर सगळा डोलारा उभा, त्यांना कुणी साधं धन्यवाद म्हणत नव्हतं. मला तो अन्याय वाटला. अन्याय दिसला की गप्प बसायचं नाही, हे तर समितीनंच शिकवलं होतं.

पुढच्या पौषात, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, पहिला वर्धापनदिन करायचं ठरलं. आभार माझ्याकडे आले. आपल्याकडे मोठ्यांना भाषणं आणि सगळ्यात धाकट्याला आभार, ही वाटणी ठरलेली असते. आणि मराठी माणसाच्या कार्यक्रमात भाषण पडलं तर चालतं, आभार पडून चालत नाहीत. आदल्या वर्षी गल्लीच्या गणपतीत समई देणाऱ्या घराचं नाव घ्यायचं राहिलं, तर त्या घरानं समई तर बंद केलीच, पण आईशी बोलणंही टाकलं. आईनं मला बजावलं, "एकही नाव राहता कामा नये. लोक भाषण विसरतात, राहिलेलं नाव नाही विसरत."

मी हट्टाला पेटले. मिरचीवाल्या शेठजींपासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत यादी केली. राहिले गुरुवारचे पाहुणे. वकीलसाहेबांना विचारायची सोय नव्हती. मग मी एका गुरुवारी त्यांच्या सायकलमागून चालत निघाले. छत्रीबागेपर्यंत दिसत होते, मग एका गल्लीत नाहीसे झाले. कोपऱ्यावर पिठाची चक्की होती. चक्कीवाल्याला विचारलं, ते उंच, मफलरवाले कोण? तो पीठ झटकत म्हणाला, "वो? जगदाले बाबू. सीधे आदमी हैं." आडनाव मिळालं, माझं काम झालं. 'बाबू' का म्हणाला, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी तरंगत घरी आले.

एका शाळेच्या पटांगणात, दुपारच्या उन्हात कार्यक्रम झाला. बायका स्वेटर विणत ऐकत होत्या. मी यादी वाचत गेले, टाळ्या पडत गेल्या, आणि शेवटचं नाव मी खास राखून ठेवलं होतं. आवाज चढवून म्हणाले, "आणि ज्यांच्यामुळे आतल्या माणसांची नावं आपल्यापर्यंत पोचतात, जे दर गुरुवारी न चुकता येतात आणि कधी चहासुद्धा घेत नाहीत, ते श्री. जगदाळे!" सगळ्यात जास्त टाळ्या त्याच नावाला पडल्या. वकीलसाहेब पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी त्याआधी पाहिली नव्हती. खाली उतरल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते तुरुंगाच्या कचेरीत कारकून आहेत. सरकारी नोकर. तुला कळतंय का तू काय केलंस?"

कळलं. मंगळवारी एका हिंदी वर्तमानपत्रात कार्यक्रमाची बातमी आली, माझ्या आभारासकट. मी घरात येरझारा घालू लागले ती तेव्हापासून.

गुरुवारी संध्याकाळी सायकल वाजली. जगदाळे नेहमीसारखे वर आले, मेथीची जुडी, खालचा कागद. मग म्हणाले, "दुसऱ्या जगदाळ्याला घरी बसवलंय." तुरुंगात त्याच आडनावाचा एक पहारेकरीही होता. मी नुसतं आडनाव घेतलं होतं. वरच्यांनी विचार केला, आतल्या माणसांची नावं बाहेर न्यायची तर पहारेकरीच नेणार. बाबू लोक कुठे आत जातात! त्याला ना काही विचारलं, ना त्याचं ऐकून घेतलं, बुधवारीच गणवेश उतरवून घेतला.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. आमचे जगदाळे वाचले, कागद येत राहणार, माझी चूक कुणाला भोवली नाही, असंच मला त्या क्षणी वाटलं. मी मनातल्या मनात देवाचेही आभार मानले. त्या दिवसांत मला आभार मानायची फारच हौस होती.

शुक्रवारी बैठक झाली, शनिवारी पुन्हा झाली. जगदाळे दोन्हीला आले होते, कोपऱ्यात बसले होते. वकीलसाहेब म्हणाले, "थांबू या. पुरावा नाही. महिन्या-दोन महिन्यांत त्याला परत घेतील." कुणीतरी म्हणालं, "तो पहारेकरी काही संत नाही हो. मागे एका कैद्याच्या म्हाताऱ्या आईला त्यानं फाटकावरून हाकललं होतं." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. वर्षभर आम्ही भोपाळला काय लिहीत होतो? माणूस चांगला असो की वाईट, त्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला शिक्षा करू नका. हेच माझ्या हातानं मी कितीदा लिहिलं असेल! आणि त्या खोलीत त्या दोन दिवसांत एकालाही ते वाक्य आठवलं नाही. म्हणजे आठवलं असेलही, पण कुणी उच्चारलं नाही.

सोमवारी सकाळी जगदाळे आपल्या साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "ते नव्हे साहेब, मी." आम्हाला विचारायला थांबले नाहीत. पहारेकऱ्याला मंगळवारी कामावर घेतलं. आमच्या जगदाळ्यांची सतरा वर्षांची नोकरी गेली.

त्याच आठवड्यात मी छत्रीबागेत त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. आतल्या खोलीत मुलगी मोठ्यानं पाढे म्हणत होती. मी रडायलाच लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला टाळ्या मिळाल्या. आम्हाला कागद मिळाला." आणि आत निघून गेल्या. जगदाळेच मग बसा म्हणाले. त्यांनी मला दोष दिला नाही. म्हणाले, "मी होतो त्या दिवशी. मागे, चपलांपाशी उभा होतो. बेटा, आमचे आजोबा होळकरांच्या पलटणीत होते. त्यांचं नाव दरबारात पुकारलं गेलं होतं म्हणतात. माझं नाव आजवर फक्त हजेरीला पुकारलं. तू मायकवरून घेतलंस तर... क्या बोलूं, दोन मिनट तर मी भी खूश झालो होतो." आणि हसले. त्यांनी रागावायला हवं होतं. ते हसले, म्हणून मी अजून हिंडते आहे.

पुढे ते कोर्टाच्या कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून द्यायला लागले. आतली नावं आता कैद्यांच्या बायका-आया त्यांच्या टेबलावर आणून देत. गुरुवारी ते उजळ माथ्यानं समितीत येत आणि चहाही घेत. काम थांबलं नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, वकीलसाहेब गेले, जगदाळे गेले, खालची मिरची कांडायची बंद झाली. दर वर्धापनदिनाला मी सतरंज्या घातल्या, पोहे केले, खुर्च्या पुसल्या. आभाराची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचे.

रिद्धीनं परवा फोनवर यादी पाठवली. चष्मा लावून वाचली. चांगली चांगली माणसं आहेत. एक परिचारिका, दोन शिक्षक, एक रिक्षावाला, कुठल्यातरी कार्यालयातली एक मुलगी. संध्याकाळी रिद्धी घरी आली तेव्हा मी तिला विचारलं, "यांना विचारलंत का, नाव घेऊ का म्हणून?"

"विचारायचं काय, आजी? खूश होतील ना!"

"एकेकाला फोन लाव. माझ्यासमोर."

कुरकुरत तिनं लावले. बहुतेक खूश झाले, हे खरंच. ती कार्यालयातली मुलगी मात्र घाबऱ्या आवाजात म्हणाली, "प्लीज, नाव नको. मदत करत राहीन, पण नाव नको." रिद्धीनं गुपचूप ते नाव खोडलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, आज इथे लिहिलंय तसंच. तिनं यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाली, "मग या वर्षी जगदाळ्यांचं नाव घ्या ना, आजी. नीट, पूर्ण नाव. आता काय हरकत आहे?"

खरंच, काय हरकत होती? पण घरच्यांना विचारायला हवं होतं. या वेळी तरी.

जगदाळ्यांची मुलगी मंगल अन्नपूर्णा मंदिराच्या मागे राहते. शाळेतून निवृत्त झाली आहे. काल दुपारी गेले. ती गच्चीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, कारण बसले असते तर धीर गेला असता. ती म्हणाली, "घ्या ना मावशी, त्यात काय? आता ना बाबा राहिले, ना ती नोकरी. थांबा, फोटोपण देते." ती आत गेली. मी खुर्चीत टेकले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पौषातलं ऊन पाठीला बरं वाटत होतं. वर्धापनदिनाला काय बोलायचं त्याची वाक्यंही मी जुळवायला लागले.

मंगल फोटो पदरानं पुसत बाहेर आली. म्हणाली, "मावशी, एक विचारू? त्या दुसऱ्या जगदाळ्यांकडे तुम्ही कधी गेला होतात का?"

"कुणाकडे?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"तेच, ज्यांना आधी घरी बसवलं होतं. कामावर परत घेतलं, पण नंतर साथवाले त्यांच्यासोबत जेवायचे नाही. म्हणायचे, धुआँ उठला म्हणजे आग असेलच. मोहल्ल्यात पण पोरं मागून ओरडायची. बाबा दर संक्रांतीला तीळगूळ घेऊन जायचे त्यांच्याकडे. त्यांची बायको दार नाही उघडायची. तर उंबऱ्यावर ठेवून यायचे. मला घेऊन जायचे सायकलवर."

मी गेले नव्हते. वकीलसाहेब गेले नव्हते, आई गेली नव्हती, समितीतलं कुणीही कधी गेलं नव्हतं. साठ वर्षं मी तळमळत होते, पण तळमळले ती एकाच माणसासाठी. ज्याला काही न करता शिक्षा झाली, त्याचा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही, कारण तो पहारेकरी होता.

"मंगल," मी म्हटलं, "त्यांचं नाव काय होतं गं? पूर्ण नाव?"

ती विचार करत राहिली. मग तिनं मान हलवली.

"नाही आठवत, मावशी. मी सात वर्षांची होते. तुम्ही मोठ्या होतात."